बिननावाचा उतारू आणि पाच खुनी

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! आता फलाटावर जी गाडी लागलेली हाय, ती परळीला जाणार न्हाई." मग एक लांबलचक श्वास. "ती धारूरलाबी जाणार न्हाई." आणखी एक श्वास. तोवर फलाटावरची माणसं पिशव्या काखोटीला मारून, पोरं कडेवर घेऊन तयार. "मग ती जाणार तरी कुठं?... थांबा! इतक्यात सांगत नसतो!"

नव्वद सालाच्या पुढंमागं केजच्या स्टँडवर ज्यांनी कुणी गाडीची वाट बघितली असेल, त्यांना हा आवाज आठवला नाही तर मी माझं नाव बदलीन. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. हे आमचे कंट्रोलरसाहेब. कोणती गाडी आली, कोणती गेली ते वहीत लिहायचं आणि माइकवरून पुकारायचं, एवढंच त्यांचं काम. दुसरा कुणी असता तर "केज-चौसाळा, फलाट दोन" म्हणून मोकळा झाला असता. ह्यांचं तसं नव्हतं. ह्यांना घरातून दूध आणायला पाठवलं तरी परत आल्यावर दारातच थांबायचे आणि बायकोला म्हणायचे, "दुधाचं काय झालं असंल, वळख बरं!"

एकदा चौसाळ्याची एक म्हातारी थेट त्यांच्या केबिनच्या खिडकीला जाऊन लोंबकळली. "मुडद्या, सांग की लवकर! माझी गाडी हाय का न्हाई ती?"

साहेबांनी माइक बंद केला, खिडकीशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुमाला म्हणून सांगतो. कुणाला बोलू नका. चौसाळाच हाय."

म्हातारी तिथून निघाली ती फलाटभर कुजबुजत सुटली. "कुणाला बोलू नका, चौसाळा हाय." पाच मिनिटांत गाडी भरली. माइकवर ओरडून भरली नसती इतक्या लवकर भरली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

वरून कुणीतरी त्यांना समज दिली. मग चार दिवस साहेबांनी सरळ पुकारलं. पाचव्या दिवशी उतारूच केबिनसमोर जमले. "साहेबांची तब्येत बरी न्हाई का? आवाजात काही राम न्हाई राहिला." झालं, सहाव्या दिवशी परळीची गाडी परत एकदा "धारूरला जाणार न्हाई" म्हणून पुकारली गेली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आता माझं सांगते. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना होता. शिशाच्या खिळ्यांचा, पायानं चालवायच्या मशीनचा. एकेक अक्षर हातानं उचलून ओळ जुळवायची, ते काम माझं. मशीन मारायचं काम ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, निवडणुकीतली आश्वासनं, सगळं माझ्या बोटांखालून गेलंय. मी तोंडाची फटकळ, पण बोटांची पक्की. तेव्हा अंबाजोगाईला एकानं कॉम्प्युटर आणला होता आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं चालली होती. त्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कंट्रोलरसाहेब रोज अकराच्या सुमाराला आमच्या दारात यायचे. "ताई, आज काही वाया गेलंय का?"

मी म्हणायची, "गेलंय की. तुमच्या मेहुण्यानं शंभर पत्रिकांवर नवरीच्या जागी नवरदेवाच्या आईचं नाव छापलंय." मला ताई म्हणायचे म्हणून माझा नवरा त्यांचा मेहुणा.

"वा वा वा!" साहेबांचा चेहरा फुलायचा. वाया गेलेले कागद ते छातीशी धरून न्यायचे. त्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर त्यांची कादंबरी लिहिली जात होती. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, केबिनमध्ये, शाईच्या पेनानं. "मेव्हणे, तुमच्या चुकांवर माझं साहित्य उभं हाय," असं ते आमच्या ह्यांना म्हणायचे आणि हे खूश होऊन आणखी चुका करायचे.

कादंबरीचं नाव 'बिननावाचा उतारू'. रहस्यकथा! परळीच्या स्टँडवर एक माणूस गाडीतून उतरतो. डोक्याला खोक, अंगात फक्त बनियन, खिशात अर्धं फाटलेलं तिकीट. स्वतःचं नाव, गाव, काही काही आठवत नाही. त्याच दिवशी औष्णिक वीज केंद्राच्या बाजूच्या राखेच्या तळ्यात एक प्रेत सापडतं. तोंड ओळखू येत नाही, पण अंगावर केजचे कापडव्यापारी रंगनाथशेठ यांचा सदरा. झालं, रंगनाथचा खून! बिननावाचा उतारू फौजदाराच्या हाताखाली लागतो आणि दोघं मिळून खुनी शोधायला निघतात. आहे की नाही? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली जुळवलेली अख्खी ओळ खाली सांडली होती.

हे सुचलं कसं, तर एकदा स्टँडवर एक म्हातारबाबा दिवसभर बसून होते. कुठं जायचं म्हटलं तर हसायचे. नाव विचारलं तरी हसायचे. साहेबांनी त्यांना घरी नेलं, दोन दिवस जेवूखाऊ घातलं, तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा शोधत आला. बाबा गेले, पण साहेबांच्या डोक्यात ते बसले ते बसलेच. स्टँडजवळच्या डॉक्टरांनी त्यांना 'स्मृतिभ्रंश' हा शब्द दिला आणि साहेब आठवडाभर तो गुळाच्या खड्यासारखा तोंडात घोळवत होते. नंतर मात्र डॉक्टरांना पस्तावा झाला. भर दवाखान्यात, पेशंटांच्या गर्दीत साहेब विचारायचे, "डॉक्टर, डोक्यात किती जोरात हाणलं म्हंजे माणूस नाव विसरतो पण सायकल विसरत न्हाई?" पेशंट उठून बाहेर जाऊन बसायचे.

प्रकरण लिहून झालं की स्टँडसमोरच्या हॉटेलात त्याचं वाचन. आता तुम्हाला वाटेल, हॉटेलात कोण ऐकतं कादंबरी? अहो, तेव्हा नुकतीच केबल आली होती, हॉटेलवाल्यानं रंगीत टीव्ही घेतला होता. साहेब आले की तो टीव्ही बंद करायचा. कंडक्टर, काळीपिवळी जीपवाले, डॉक्टर, आमचे हे, सगळे चहा गार होऊ द्यायचे. जीपवाले आणि कंडक्टर एरवी एकमेकांच्या उतारूंवरून गचांडी धरायचे, पण वाचनाला एका बाकड्यावर.

पहिलं प्रकरण मी त्यांच्या हयातीत जुळवलं, नमुना म्हणून. आणि त्यात माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. लग्नसराई होती. तीस पत्रिका हातात होत्या. पत्रिका जुळवायला मला कागद बघावा लागत नाही, बोटंच पळतात. साहेबांचं ते खुनाचं पान समोर ठेवलं होतं, पंख्याच्या वाऱ्यानं ते उलटलं, आणि पाठीमागे होती वाया गेलेली पत्रिका. माझ्या ध्यानातच आलं नाही. छापून निघालं ते असं:

'फौजदारानं प्रेतावरची चादर बाजूला केली. त्याचे डोळे पांढरे झाले. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.'

साहेबांनी हे केबिनमध्ये बसून वाचलं आणि माइक चालू राहिला होता. अख्ख्या स्टँडनं आधी त्यांचं खाकरणं ऐकलं, मग एक खिंकाळी, मग धाप, मग "अगं आई गं, मेलो मेलो!" दोन ड्रायव्हर पाणी घेऊन धावले. साहेब टेबलावर डोकं ठेवून रडत होते हसून हसून. मी लाजेनं अर्धी झाले होते. "साहेब, मी परत जुळवते," म्हटलं.

"खबरदार! हात लावायचा न्हाई त्याला," ते डोळे पुसत म्हणाले. "ताई, प्रेत बघून माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येतं का? त्या फौजदाराची मुलगी लग्नाची असंल!"

त्यांच्या बायकोला मी वैनी म्हणायची. साहेब जितके बोलके तितक्या वैनी गप्प. शाळा तिसरीपर्यंत. आणि भित्र्या किती म्हणाल! टीव्हीवरच्या मालिकेत कुणाला नुसता खोकला आला तरी उठून स्वयंपाकघरात जायच्या, हा आता मरणार म्हणून. साहेब त्यांच्यापाशी बसून सगळी कादंबरी वाचायचे आणि त्या ज्वारीच्या पिठाचे हात कानांवर ठेवून ऐकायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. दोघांचं दोघांत बरं चाललं होतं.

बावीस प्रकरणं झाली. तेविसावं शेवटचं. तिथं साहेब अडून बसले. "लिहिणार न्हाई," म्हणाले. "कागदावर आलं की फुटतं. ताई, तुमी चांगल्या हाव, पण मेव्हण्याच्या पोटात काही राहत न्हाई. छापायच्या दिवशीच लिहीन."

"मग खुनी कोण ते तरी सांगा."

साहेबांनी दाराबाहेर डोकावून बघितलं. मशीन थांबवायला लावलं. मग कानाशी आले. "तुमाला म्हणून सांगतो. कुणाला बोलू नका. अंबाजोगाईचा कॉम्प्युटरवाला."

त्या कादंबरीतल्या संशयितांत जीपवाला, कंडक्टर, डेअरीचा चेअरमन, वैदू यांच्याबरोबर एक कॉम्प्युटरवालाही होता खरा. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शिरा केला. आणि शपथेवर सांगते, कुणाला बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

आणि मग एके दिवशी सकाळी साहेब आंघोळ करून आले, टॉवेल खांद्यावर, पाटावर बसले ते बसलेच. वैनी ताट घेऊन आल्या तोवर संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती. त्या दिवशी स्टँडवर गाड्या आल्या आणि गेल्या, कुणी काही पुकारलं नाही. माणसं ड्रायव्हरला विचारून विचारून चढली. मी छापखान्यात बसून ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू.

शोकसभा स्टँडच्या आवारातच ठेवली, कडुनिंबाखाली. त्यांचाच माइक, त्यांचाच भोंगा. वैनी पुढच्या सतरंजीवर बायकांत बसल्या होत्या. दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले. मग पहिले बोलायला उठले आमच्या स्टँडवरचे सगळ्यात जुने कंडक्टर. डोळ्यांत पाणी. "साहेबांचा माझ्यावर लई जीव. त्यांनी मला... फक्त मला... त्या कादंबरीतला खुनी सांगितलता. आता ते गेले. आता बोलायला हरकत न्हाई. खुनी हाय जीपवाला."

मागून जीपवाल्यांचा म्होरक्या ताडकन उठला. "कोण म्हणतं? मला त्यांनी सोताच्या तोंडानं सांगितलंय, कंडक्टर हाय म्हणून! तिकिटाला भोकं पाडायच्या चिमट्यानं मारलंय त्यानं!"

"जीपवाला बे!"

"कंडक्टर बे!"

"दोघंबी गप बसा," हॉटेलवाला म्हणाला. त्याचं आणि दूध डेअरीच्या चेअरमनचं दुधातल्या पाण्यावरून वाकडं होतं हे गावाला माहीत. "खुनी चेअरमन हाय. माझ्या भट्टीपाशी उभं राहून सांगितलंय, शपथ घालून."

डॉक्टर शांत माणूस, पण तेही उठले. "हे पहा, रहस्य हे रहस्य असतं, म्हणून मी बोललो नव्हतो. खुनी तो जडीबुटीवाला वैदू आहे. वैद्यकीयदृष्ट्या तेच योग्य आहे."

आता मी काय गप्प बसणार? मी बायकांतून उभी राहिले आणि ओरडले, "कॉम्प्युटरवाला! कॉम्प्युटरवाला!"

आमचे हे माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "तुला सांगितलंतं? आणि मला नाही सांगितलंस?" आणि त्या शोकसभेत आमचं नवराबायकोचं वेगळं भांडण सुरू झालं.

काय तो गोंधळ! माइक ह्याच्या हातातून त्याच्या हातात. आमच्याकडचे एक पुढारी अध्यक्षस्थानी होते. त्यांनी सगळ्यांना शांत करत तोडगा काढला, "खुनी कुणीबी धरा, फक्त आपल्या पॅनेलचा नको." हार घातलेल्या फोटोतून साहेब आमच्याकडं बघत होते. मी वैनींकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे गदगदत होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेले तर बाई हसत होती! दिवस कार्याचे, लोक काय म्हणतील म्हणून पदर चावून चावून हसत होती.

घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा मला उमगलं. ज्याला जो माणूस खुनी निघालेला आवडेल, तो त्याला सांगितला होता साहेबांनी. पाच माणसांना पाच खुनी वाटून ते निघून गेले होते. आम्हा प्रत्येकाला सुखाचे दोन दिवस मिळावेत म्हणून! मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण तो शिरा आठवला आणि हसूच यायला लागलं.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते राहिलं नाही. महिन्याभरानं वैनी छापखान्यात आल्या. बावीस प्रकरणांचा गठ्ठा धोतराच्या फडक्यात बांधून आणला होता. "ताई, वर्षश्राद्धाच्या आत एवढं पुस्तक झालं पायजे. आमाला लेकरूबाळ न्हाई. त्यांचं म्हणून मागं राहील ते एवढंच."

"करू की वैनी."

"पण शेवट त्यांचा पायजे. त्यांच्या मनातला. कुणीबी रचलेला नको."

मी हो म्हणून बसले. आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे सुटे करून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, मग पुढची आठ. आमच्याकडं अक्षरंच तेवढी होती. असं करत करत बावीस प्रकरणं छापून झाली आणि वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं. शेवटाचा पत्ता नाही. मी केबिनमधले खण धुंडाळले, त्यांच्या वह्या चाळल्या, त्यांच्या डब्याच्या पिशवीतसुद्धा हात घातला. बाकीच्या चौघांना परत विचारलं. प्रत्येकजण आपल्या खुन्यावर ठाम. कंडक्टरांनी तर खुनाचा नकाशा काढून दिला. कुणीतरी म्हणालं, पाच शेवट छापा, ज्याला जो पाहिजे तो वाचेल. वैनींना हे सांगितलं तर त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. "त्यांचा पायजे, ताई. त्यांचा एकच असंल."

मी वैतागले होते, खरं सांगते. त्या दिवशी वैनी आल्या तेव्हा मी जरा आवाज चढवूनच म्हणाले, "अवो, पाच जणांना पाच खुनी सांगून बसले तुमचे मालक! मी कुठला धरू? तुम्हाला तरी काय सांगितलंतं?"

आणि बोलले तशी माझी जीभ मीच चावली. अकरा महिने झाले होते. अख्खं केज एकमेकांच्या नरड्याला लागलं होतं. वैनींना कुणी, कुणी म्हणून विचारलं नव्हतं. मी बाईमाणूस, मीही नाही.

वैनी लाजल्या. "मला? मला न्हाई बाई खरं सांगितलं त्यांनी. मी भित्री. मी इचारलं, रंगनाथला कुणी मारलं वो? तर म्हणले, कुणीच न्हाई. रंगनाथ जिता हाय. घरी येतो. मला बरं वाटावं म्हणून म्हणले असतील."

"मग प्रेत कुणाचं?"

"चोराचं. रंगनाथच्या डोक्यात हाणून सदरा आन पिशवी घेऊन पळत होता, तो राखेत रुतला म्हणं." त्या खाली बघत पदराचं टोक पिळत होत्या. "खोटंच असंल ते. म्हणून मी बोलले न्हाई. तुमाला कायतरी खरं म्हाईत असंल, वाटलं."

मला आधी हसू आलं. रंगनाथ जिवंत? मग मी हसता हसता थांबले. छापलेली पानं ओढली. तिसरं प्रकरण. बिननावाचा उतारू लॉजवर खोली घेतो आणि आधी काय करतो? खिडकीचा पडदा दोन बोटांत चोळून म्हणतो, 'टेरीकॉट'. कुणी विचारलंय त्याला? नववं प्रकरण. बाजारात एक कापडवाला मोजून देत असतो, उतारू लांबूनच सांगतो की चार बोटं कमी भरतंय. चौदावं. फौजदार रंगनाथचं कुत्रं केजहून माग काढायला आणवतो. कुत्रं इकडं तिकडं हुंगत नाही, सरळ उतारूच्या पायाशी जाऊन बसतं आणि शेपूट हलवायला लागतं. फौजदार म्हणतो, बिनकामाचं कुत्रं! आणि आम्ही सगळे हॉटेलात खो खो हसलो होतो. स्वतः मी ती ओळ जुळवली होती, एकेक अक्षर हातानं! शेपूट हललेलं कुणालाच दिसलं नाही. आम्ही आपापल्या खुन्याकडं बघत होतो.

"वैनी," मी म्हणाले.  "वैनी अवो, उतारूच रंगनाथ हाय! सगळं जुळतंय. दुसऱ्या कुणाचंच जुळत न्हाई. आम्हा सगळ्यांना गंमत सांगितली त्यांनी. खरं फक्त तुम्हाला सांगितलंय."

वैनींनी पदराचं टोक सोडलं. स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "मला खरं सांगितलं?" परत म्हणाल्या, "मला?" आणि त्या वर्षात पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. मीही रडले. आमचे हे मशीन सोडून आले आणि काय झालं ते न विचारताच डोळे पुसायला लागले.

पुस्तक वर्षश्राद्धाच्या दिवशी निघालं. पहिल्या प्रकरणात ते लग्नाचं आमंत्रण तसंच ठेवलं, त्यांची आज्ञाच होती. अंबाजोगाईहून एकानं पत्र लिहून तक्रार केली की लग्न कुणाचं होतं ते शेवटपर्यंत कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, वैद्यकीयदृष्ट्या हाच शेवट योग्य आहे, मला आधीपासून वाटत होतं. कंडक्टरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "झकास हाय. पण जीपवाल्यावर माझा अजून संशय हाय." आमचा छापखाना पुढं दोन वर्षांनी बंद पडला. खिळे मोडीत गेले. त्या मशीनवर आम्ही हजारो पत्रिका छापल्या, पुस्तक हे एकच.

पण मला सांगायचंय ते शेवटचं प्रकरण जुळवलं त्या दुपारचं. वैनींना लिहिता येईना, मला धीर निघेना. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी थेट खिळेच जुळवते. त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. आयुष्यात कधी गोष्ट सांगितली नव्हती त्यांनी. एक वाक्य सांगायच्या आणि माझी ओळ पुरी होईपर्यंत माझ्या बोटांकडं बघत थांबायच्या.

"रंगनाथ दुपारच्या गाडीनं केजला उतरला."

जुळवलं.

"घराचं दार उघडंच होतं."

जुळवलं.

"बायको ज्वारी निवडत बसली होती. तिनं वर बघितलं."

हे जुळवून झालं. मी वाट बघितली. मग न राहवून विचारलं, "त्यानं वळखलं का तिला?"

वैनींनी विचार केला. खूप वेळ केला. "न्हाई," म्हणाल्या. "त्याला काहीच आठवंना. दारात नुसता हुबा ऱ्हायला."

"अवो वैनी, असं कसं? मग गोड शेवट कसा होणार? त्यानं वळखायला पायजे की!"

"का म्हून?" वैनी म्हणाल्या. "तिनं वळखलं की."

मी ते तसंच जुळवलं. अक्षरं नीट दिसत नव्हती, पण बोटांना खण माहीत होते.